भिंतीवरचं वचन

पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, घडवणाऱ्या त्या सेमिनरीत एक नियम होता. बाहेरच्या माणसाला सांगितला की तो आधी हसायचा आणि मग हळूच विचारायचा, "खरंच का हो?" खरंच. प्रार्थनामंदिरात प्रवचन कुणीही करत असो, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असो की खुद्द प्राचार्य, ऐकणाऱ्यांपैकी कुणीही उठून उभं राहावं आणि विचारावं, "कुठे लिहिलंय?" की बोलणाऱ्याचं तोंड बंद. पुढचा शब्द काढण्याआधी त्याने मेजावरचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, चाळायचं, जागा काढायची आणि मोठ्याने वाचून दाखवायची. सापडली नाही तर मुकाट्याने मेज सोडायचं, आणि ज्याने विचारलं त्याने तिथे उभं राहून उरलेलं प्रवचन पुरं करायचं. सापडली, तर मात्र विचारणाऱ्याचं वर्ष बुडालं. कुणी ऊठसूट खुसपट काढू नये म्हणून ही पाचर मारून ठेवलेली.

नियम घातला तो संस्थापकांनी. ते होते तिघे: एक छापखानेवाला, एक शाळामास्तर आणि एक दोर वळणारा. या तिघांनी शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये, भर उपासनेत, बिशपसाहेबांना हाच प्रश्न विचारला होता. मध्ये पाळक असल्याशिवाय देव साध्या माणसाचं ऐकत नाही, असं साहेब सांगत होते. साहेबांनी उत्तर दिलं नाही, दार दाखवलं. तिघे त्या दारातून जे निघाले ते थेट दोरवाल्याच्या वखारीत गेले आणि तिथेच त्यांनी शाळा मांडली. छापखानेवाल्याने शास्त्र लोकांच्या बोलीत छापलं, मास्तरांनी ते वाचायला शिकवलं, आणि दोरवाला दोर वळता वळता ऐकायचा आणि मध्येच विचारायचा, "कुठे लिहिलंय?" तिघांत सगळ्यात जास्त तोच शिकला म्हणतात. "देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको," हे छापखानेवाल्याचं पालुपद. पुढे वखारीच्या जागी दगडी मंदिर उभं राहिलं तेव्हा त्यांनी बाकांच्या रांगा पायऱ्यांसारख्या चढत्या ठेवल्या आणि बोलणाऱ्याचं मेज ठेवलं अगदी तळाशी. बोलणाऱ्याने मान वर करून बोलावं, म्हणजे डोक्यात हवा जात नाही.

पण माणसाचं वय होतं तसं नियमाचंही होतं. तिघे गेले, त्यांचे विद्यार्थी गेले, आणि नियम उरला तो दिवाणखान्यातल्या बंद घड्याळासारखा. पुसायचं, पाहुण्यांना दाखवायचं, वेळ मात्र दुसरीकडे बघायची. दरवर्षी संस्थापकदिनाला प्राचार्य नियम वाचून दाखवत आणि सगळे माना डोलवत. शेवटचा प्रश्न विचारला गेला त्याला एक जमाना झाला होता. विचारणारा विद्यार्थी तोंडावर आपटला, त्याचं वर्ष गेलं आणि वर मंदिराच्या खिडक्या पुसायची शिक्षा. आज तो एका मोठ्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक आहे, नातवंडं खेळवतो, पण सेमिनरीत त्याचं नाव अजून 'खिडकी'च आहे. हे उदाहरण डोळ्यांसमोर असल्यावर हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार!

आता शंका या मुलीबद्दल. लहानपणी जेवणाआधीच्या प्रार्थनेत तिने एक डोळा उघडून विचारलं होतं, "देवाला सगळं आधीच माहीत असतं ना? मग सांगायचं कशाला?" तेव्हा तिचा मामा इतका हसला की पाण्याचा पेला सांडला. "ही बघा, आली शंका!" म्हणाला. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तिचे बाबा पाळक होते; ती अगदी लहान असताना तापाने गेले. आई तिला घेऊन आपल्या भावाकडे आली. भाऊ सेमिनरीत इब्री, म्हणजे हिब्रू भाषा शिकवायचा, लग्न केलं नव्हतं, घरात माणसांपेक्षा पुस्तकं जास्त. आईने पहिल्याच आठवड्यात पुस्तकांना शिस्त लावली. ती रुग्णालयात मुख्य परिचारिका होती आणि घरातही तीच भाषा बोलायची: "गप्प पड, हात दाखव, हे गीळ."

मामाने भाचीला जेवणाच्या टेबलावर इब्री अक्षरं शिकवली. पुढे मामा प्राचार्य झाला. भाची मोठी होऊन त्याच सेमिनरीत पाळकपणाच्या अभ्यासक्रमाला बसली, तिथे बसलेली पहिली मुलगी. घरात ती त्याला "मामा, तू" म्हणायची आणि फाटकाच्या आत "सर, तुम्ही." परीक्षांत ती पहिली आली. कुणी कुरकुरलं तर मामा म्हणायचा, "उत्तरपत्रिका मी तपासत नाही बाबांनो, तुमचेच सर तपासतात." आणि संध्याकाळी घरी येऊन बहिणीला दोनदा ती गोष्ट सांगायचा.

शेवटच्या वर्षी उरलं होतं चाचणी प्रवचन. ते झाल्याशिवाय पाळक होता येत नाही. त्यात लपवाछपवी काही नाही: मंदिरातलं मेज, समोर उघडं शास्त्र, बाकांवर मंडळी, परीक्षक हजर, आणि ऐकणाऱ्याच्या निदान एका प्रश्नाला शास्त्रातून दिलेलं उत्तर. आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. विश्वस्तांनी ठराव केला की मुलींनी शिकावं, परीक्षा द्याव्यात, हरकत नाही; पण मंदिरातल्या मेजामागे बाईमाणूस आजवर उभं राहिलं नाही आणि राहणार नाही. मेज नाही म्हणजे चाचणी नाही. चाचणी नाही म्हणजे शंकेची चार वर्षं पाण्यात.

विश्वस्तांचे अध्यक्ष लाकडाचे व्यापारी होते. प्रत्येक वाक्य "माझं ठाम मत आहे" असं सुरू करायचे, म्हणून विद्यार्थी त्यांना मागून 'ठाम' म्हणत. ठाम ठरावाच्या बाजूने असणार हे उघड होतं. पण मतं समसमान पडली होती, आणि ज्या एका मताने पारडं झुकलं ते मत मामाचं होतं.

त्या दिवशी तिघे जेवायला बसले.

"तू माझ्या विरुद्ध मत दिलंस," शंका म्हणाली.

"तुझ्या विरुद्ध नाही गं," मामा म्हणाला. "तुझ्याइतकी हुशार मुलगी मी या संस्थेत पाहिली नाही. मी वाटेच्या बाजूने मत दिलं. थोरांनी घालून दिलेली वाट असते, ती मी कोण मोडणार? मंदिराच्या भिंतीवर काय लिहिलंय, वाचलंयस ना रोज?"

शंकेने आईकडे बघितलं. आईने डोळ्यांनीच विचारलं: सांगू का? शंकेने मान हलवली: नको.

"अहो प्राचार्य," आई भावाला म्हणाली. ती चिडली की भावाला अहो-जाहो करायची. "भिंती बघून निदान करणारा डॉक्टर मी अजून पाहिला नाही. तुम्ही रोग्याकडे बघा."

"ताई, तू यात पडू नकोस."

"मी कुठे पडते! मी भाजी वाढते."

भिंतीवर काय लिहिलं होतं ते आता सांगायला हवं. मेजाच्या मागच्या दगडी भिंतीवर, हातभर उंचीच्या अक्षरांत, कोरलेलं होतं: 'जुनी वाट मोडू नको, ती देवाने आखली आहे.' संस्थापकांच्या वेळी ती भिंत कोरी होती. नंतर कधीतरी छत दुरुस्त करताना त्या काळच्या मंडळाला भिंत ओकीबोकी वाटली, आणि कुणाला तरी आठवलेलं वचन कोरून घेतलं गेलं. खाली संदर्भ नव्हता. संदर्भ नाही म्हणजे इतकं प्रसिद्ध वचन की संदर्भ लागतच नाही, असं सगळे समजून चालले. नीतिसूत्रं शिकवणाऱ्या सरांना वाटायचं ते संदेष्ट्यांच्या ग्रंथात असणार. संदेष्टे शिकवणाऱ्यांना वाटायचं ते स्तोत्रांत असेल. ग्रीक शिकवणारे म्हणायचे, जुन्या करारातलं आहे, माझा विषय नाही. जे लोक एकेका शब्दासाठी एकमेकांची रात्रीची झोप उडवायचे, त्यांच्या डोक्यावर वर्षानुवर्षं असं एक वचन लटकलं होतं जे शास्त्रात कुठेच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

शंकेला ते दुसऱ्या वर्षी कळलं. एका निबंधासाठी तिला संदर्भ हवा होता. तिने शोधला, मिळाला नाही. आपलंच चुकत असेल म्हणून तिने उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून शेवटपर्यंत सगळं शास्त्र पुन्हा वाचलं. नव्हतं. तिने फक्त आईला सांगितलं.

"मग विचार की," आई म्हणाली होती. "तुमच्यात नियम आहे ना."

"नियम बोलणाऱ्याला लागू आहे. भिंतीला कोण विचारणार?"

आणि मामाला सांगायचा तिला धीर झाला नाही. मामा त्या भिंतीखाली उभा राहून आयुष्यभर बोलला होता. त्याच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते तिला बघवणार नव्हतं.

संस्थापकदिन उजाडला. सकाळपासून जुने विद्यार्थी येत होते, फाटकापाशी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, टक्कल पडलेल्यांना केसांवरून छेडत होते. मंदिर खचाखच भरलं. पहिल्या रांगेत विश्वस्त, मध्यभागी ठाम, हात पोटावर बांधून. मधल्या रांगांत विद्यार्थी, त्यांत शंका. तिच्या मागच्याच बाकावर खिडकी, पांढऱ्याशुभ्र दाढीचा. सगळ्यात वरच्या रांगेत आई, रुग्णालयातून थेट आलेली, गणवेशातच.

मामा मेजामागे आला. त्याने रिवाजाप्रमाणे आधी नियम वाचला, दोन्ही बाजूंसकट. वाचून झाल्यावर थोडं थांबायचं असतं, तसा थांबला. सगळ्यांनी माना डोलवल्या. मग त्याने चष्मा सारखा केला आणि प्रवचनाचा विषय सांगितला. विषय होता भिंतीवरचं वचन.

शंकेने वळून वरच्या रांगेतल्या आईकडे बघितलं.

मामा चांगला बोलायचा, त्यात वाद नाही. विश्वस्तांचा निर्णय कुणाला दुखावण्यासाठी नाही, असं त्याने समजावलं. वाट किती पायांनी मळलेली असते, ती एकट्याच्या लहरीने मोडली तर मागून येणारे कसे चुकतात, ते सांगितलं. सांगताना त्याची नजर एकदा भाचीकडे गेली आणि चटकन दुसरीकडे वळली. "आणि हे मी माझ्या मनचं सांगत नाही," तो म्हणाला. त्याने हात मागे करून भिंतीकडे बोट दाखवलं. "हे देवाचं वचन आहे."

आता ते भिंतीचं राहिलं नाही. आता ते मेजावरून बोललं गेलं होतं.

शंकेच्या मनात त्या क्षणी काय काय आलं ते सांगायचं तर ही गोष्ट संपायची नाही. विचारलं नाही तर सगळं संपलंच आहे. विचारलं तर भरल्या सभेत मामाची मान खाली, ज्याने वाढवलं त्याची. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती: ते वचन शास्त्रात नव्हतं, पण त्याच्या जवळून जाणाऱ्या दोन जागा होत्या. थोडीशी डोळेझाक करणाऱ्याला त्यांतली कुठलीही चालली असती, आणि सभेने मानही डोलवली असती. म्हणजे तिचं वर्ष, तिची चाचणी, सगळं काही शेवटी एकाच गोष्टीवर येऊन ठेपत होतं: तिचा मामा खरोखर तसाच आहे का, जसा ती त्याला लहानपणापासून समजत आली होती.

ती उभी राहिली.

"बस खाली, पोरी," मागून खिडकी पुटपुटला. "खिडक्या फार आहेत."

"सर," शंका म्हणाली. आवाज कापत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "कुठे लिहिलंय?"

सगळ्या रांगांतल्या माना तिच्याकडे वळल्या. ठाम अर्धवट उठले. "हा काय पोरखेळ—"

"बसा," मामा म्हणाला. "तिचा हक्क आहे."

त्याने शास्त्र जवळ ओढलं. सुरुवातीला त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, थोडं दुःख होतं. भाचीचं वर्ष जाणार याचं दुःख. त्याने सराईत हाताने नीतिसूत्रं उघडली, बोट ओळींवरून फिरवलं आणि एका जागी थांबवलं. त्याचे ओठ हलले.

"सापडलं ना?" ठाम म्हणाले. "वाचा की मग."

मामा वाचत राहिला, मनातल्या मनात, पुन्हा पुन्हा. मग त्याने मान वर केली.

"इथे शेताच्या मेरेबद्दल, हद्दीबद्दल आहे," तो म्हणाला. "वाडवडिलांनी रोवलेला मेरेचा दगड हलवू नका, असं. म्हणजे शेजाऱ्याची जमीन लाटू नका. वाटेबद्दल नाही."

"अहो, दगड काय न् वाट काय, एकच!"

"एकच नाही," मामा शांतपणे म्हणाला. "हे दाखवून मी माझी जागा राखली, तर मीच दगड हलवला असं होईल."

शंकेच्या डोळ्यांत पाणी आलं. पण अजून दुसरी जागा होती, आणि मामाचा हात तिकडेच निघाला होता. पानं उलटली गेली. संदेष्ट्यांच्या ग्रंथात, एका पानावर, तो खूप वेळ थांबला. कपाळावर घाम आला होता. ग्रीकचे सर मान पुढे काढून बघत होते. नीतिसूत्रांचे सर स्वतःच्या मांडीवरचं शास्त्र घाईघाईने चाळत होते, आणि त्यांच्या शेजारी स्तोत्रांचे सर त्यांच्याकडे, हे तुमच्याकडे नाही का, अशा नजरेने बघत होते.

"इथे जुन्या वाटांचा उल्लेख आहे," मामा म्हणाला. सभेने सुटकेचा श्वास सोडला. ठाम मागे टेकले. "इथे देव लोकांना सांगतो, की चौरस्त्यावर उभे राहा. जुन्या वाटा कोणत्या, ते..." तो अडखळला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ते विचारा. त्यांतली चांगली कोणती, ते विचारा आणि तिने चाला." त्याने शास्त्रावरून हात उचलला. "मोडू नका असं इथे नाही. इथे विचारा असं आहे."

नीतिसूत्रांच्या सरांनी मांडीवरचं शास्त्र चाळायचं थांबवलं.

"भिंतीवरचं वचन शास्त्रात नाही," प्राचार्य म्हणाले. "मी त्याच्याखाली उभा राहून केस पांढरे केले. मी कधी बघितलं नाही." मग ते मेजामागून बाहेर आले, हळूहळू पायऱ्या चढले, शंकेच्या बाकापाशी थांबले आणि बाजूला सरून तिला वाट करून दिली. "नियम तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "प्रवचन पुरं करा." आयुष्यात पहिल्यांदा मामा तिच्याशी अहो-जाहो करत होता. आणि तो तिच्याच रिकाम्या जागेवर, दोन विद्यार्थ्यांच्या मध्ये अंग चोरून बसला.

शंका खाली उतरली. मेजामागे उभी राहिली तेव्हा तिला कळलं की इथून सगळे वर दिसतात, शेवटच्या रांगेतली आईसुद्धा, आणि मान आपोआप वर होते. शास्त्र मामाने उघडं ठेवलं होतं त्याच पानावर होतं. तिने तिथूनच सुरुवात केली.

"विचारा," ती म्हणाली. "देवाने आपल्याला वाट राखायला सांगितलं नाही. चौरस्त्यावर उभं राहायला सांगितलं. चौरस्त्यावर कोण उभं राहतं? ज्याला ठाऊक नाही तो. ज्याला सगळं ठाऊक आहे तो तर तरातरा निघून जातो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या गावी पोचतो."

कुणीतरी हसलं. तिला धीर आला. तिने दोरवाल्याबद्दल सांगितलं, जो दोर वळता वळता विचारायचा. मग ती त्या पहाटेकडे वळली जिच्यावर सगळ्या मंडळ्या उभ्या आहेत: प्रभूची रिकामी कबर, आणि तिथे आलेल्या बायका. "पुरुष दारं लावून बसले होते," ती म्हणाली. "प्रभू जिवंत उठल्याचं जगातलं पहिलं शुभवर्तमान बायकांच्या हाती दिलं गेलं, आणि त्यांना सांगितलं गेलं, जा आणि सांगा. त्या घाबरल्या होत्या. तरी धावत गेल्या. आणि ऐकणाऱ्यांना काय वाटलं? बायकांची बडबड! तेही तिथे लिहिलंय." या वेळी वरच्या रांगांतून चांगलंच हसू आलं. ती बोलत होती आणि भीती कधी गेली ते तिला समजलं नाही. आयुष्यभर साठवलेलं सगळं आपल्या आपण जागेवर येत होतं.

ठाम उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"माझं ठाम मत आहे," ते म्हणाले, "की बाईने मंडळीत गप्प राहावं. आणि हे भिंतीवरचं नाही. हे शास्त्रातल्याच प्रेषिताच्या पत्रात आहे. छापील. आहे की नाही? सांग, बाईने बोलावं असं कुठे लिहिलंय?"

हा प्रश्न येणार हे शंकेला माहीत होतं. हा प्रश्न ती रोज स्वतःला विचारत आली होती. उत्तर देता आलं नाही तर तिलाही मेज सोडावं लागणार होतं.

"आहे," ती म्हणाली. "लिहिलंय. मी ते नाकारणार नाही." आणि तिने ते पत्र उघडून ते वाक्य मोठ्याने वाचलं, एक शब्दही न गाळता. ठाम विजयाने सभेकडे वळले.

"आता तेच पत्र," शंका म्हणाली. "तोच लिहिणारा. थोडी पानं मागे." तिने पानं उलटली आणि वाचलं: मंडळीत प्रार्थना करणाऱ्या, देवाचा संदेश सांगणाऱ्या बाईने डोकं कसं झाकावं, याबद्दल प्रेषिताने केलेली सूचना. वाचून झाल्यावर तिने शास्त्रावर हात ठेवला. "साहेब, बाईने बोलायचंच नव्हतं, तर बोलताना डोकं झाकायचं कशाला सांगितलं असतं? गप्प राहा हे एका मंडळीतल्या एका गोंधळाला दिलेलं औषध आहे. औषध सगळ्यांना सारखं देत नाहीत. ते कुणाला, कशासाठी दिलं, ते बघावं लागतं."

"अगदी बरोबर!" सगळ्यात वरच्या रांगेतून मुख्य परिचारिकेचा आवाज आला. या खेपेला खुद्द विश्वस्तांची रांगसुद्धा हसली.

ठाम उभेच होते. त्यांनी शेजाऱ्याच्या हातातलं शास्त्र घेतलं, पानं उलटली, स्वतः वाचलं. पुन्हा वाचलं. माणूस हेकट होता, पण लबाड नव्हता. ते खाली बसले आणि शास्त्र मिटलं नाही, मांडीवर उघडंच ठेवलं.

शंकेने प्रवचन पुरं केलं. शेवटची प्रार्थना म्हणताना तिचा आवाज स्वच्छ होता, घंटेसारखा. आमेन म्हटलं गेलं, आणि ते असं म्हटलं गेलं की दगडी भिंतींनी ते पुन्हा एकदा म्हटलं.

मग विद्यार्थ्यांच्या रांगेतून मामा उठला. आता तो पुन्हा प्राचार्य होता.

"चाचणी प्रवचनाला काय लागतं?" त्याने विचारलं. "मंदिरातलं मेज. ते होतं. उघडं शास्त्र. होतं. मंडळी. तुम्ही सगळे. परीक्षक. आम्ही सगळे बसलो आहोत. आणि ऐकणाऱ्याच्या एका प्रश्नाला शास्त्रातून उत्तर." तो अध्यक्षांकडे वळला आणि किंचित वाकला. "साहेब, ही शेवटची अट तुम्ही पुरी करून दिलीत. संस्था आपली आभारी आहे."

मंदिरात हास्याचा आणि टाळ्यांचा जो कल्लोळ उडाला तो त्या मंदिराने कधी ऐकला नव्हता. खिडकी बाकावर हात आपटत होता आणि दाढीतून डोळ्यांचं पाणी गळत होतं. "माझं वर्ष वसूल झालं!" तो कुणालाही सांगत सुटला.

"ठरावाचं काय?" एक विश्वस्त म्हणाला.

"ठराव वाटेच्या वचनावर उभा होता," मामा म्हणाला. "वचनच नाही, तर तो उभा कशावर आहे? माझं मत मी परत घेतो. अध्यक्षसाहेब?"

ठामांनी मांडीवरच्या उघड्या शास्त्राकडे पुन्हा एकदा पाहिलं. "माझं ठाम मत आहे," ते सावकाश म्हणाले, आणि सगळं मंदिर श्वास रोखून थांबलं, "की मुलगी उत्तीर्ण झाली."

परीक्षकांनी हात वर केले. सगळ्यांनीच.

मामा खाली उतरून मेजापाशी आला. मेजाच्या या बाजूला तो आणि त्या बाजूला ती. "नदीपलीकडच्या मंडळीला पाळक नाही," तो म्हणाला. "पत्रावर पत्र येतंय, आणि मला कुणी योग्य माणूस सापडत नव्हता. पुढच्या रविवारी तुम्ही तिथे उभ्या राहा." त्याने हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत धरला.

"मामा," ती म्हणाली, "मी तुला आधीच सांगायला हवं होतं. घरी."

"घरी सांगितलं असतंस तर मी जेवून झोपलो असतो," मामा म्हणाला. "इथे विचारलंस म्हणून शोधावं लागलं."

गर्दी बाजूला सारत आई एकेक पायरी उतरत आली. आधी तिने भावाच्या पाठीवर हात ठेवला. ती आयुष्यभर त्याला रागवत आली होती, पण त्या दिवशी तिला आपल्या भावाचा जितका अभिमान वाटला तितका कधीच वाटला नव्हता, आणि तिने ते सरळ सांगून टाकलं: "आज तू सगळ्यांत मोठा झालास." मग तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"तुझे बाबा असते तर—" ती म्हणाली. मग डोळे पुसून आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "नदीपलीकडे गारठा असतो. गरम कपडे घेऊन जा. आणि बोलताना पाणी पीत जा मध्ये मध्ये, पाळकबाई, घसा बसेल."